एकेकाळी युनिव्हर्सलची सगळ्यात महागडी दिग्दर्शक एक बाई होती, मग तिचं नाव कुठे गेलं?

२०१० साली 'द हर्ट लॉकर'साठी कॅथरिन बिगलोला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. हे ऑस्कर मिळवणारी ती पहिली बाई. पहिला ऑस्कर सोहळा झाला १९२९ साली, म्हणजे या एका पुरस्कारासाठी बायकांना ८१ वर्षं वाट बघावी लागली.

तेव्हा सगळीकडे एकच चर्चा होती. बायकांसाठी बंद असलेलं हॉलिवूडचं दार अखेर उघडलं.

पण खरी गोष्ट थोडी वेगळी आहे. हे दार सुरुवातीपासून बंद नव्हतंच. हॉलिवूड अगदी नवीन होतं तेव्हा ते चांगलं उघडं होतं, ते नंतर बंद करण्यात आलं.

हे नेमकं कसं झालं ते समजून घ्यायचं असेल तर एका बाईची गोष्ट वाचावी लागेल. नाटकात काम करता करता ती सिनेमात आली आणि १९१६ पर्यंत युनिव्हर्सल कंपनीत सर्वाधिक मानधन घेणारी दिग्दर्शक झाली. १९३९ मध्ये ती गेली तेव्हा मात्र तिच्याकडे जवळपास काहीच उरलं नव्हतं.

तिचं नाव लोइस वेबर.

आधी पियानो, मग रस्त्यावरची भजनं, मग नाटक

लोइसचा जन्म १३ जून १८७९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अ‍ॅलिघेनी गावात झाला. हे गाव आज पिट्सबर्ग शहराचा भाग आहे. घरातलं वातावरण धार्मिक होतं. मुलगी लहानपणापासून पियानो उत्तम वाजवायची आणि वयात येताच तिच्या मैफलीही सुरू झाल्या.

पण एका मैफलीत घोळ झाला. वाजवता वाजवता पियानोची एक पट्टीच निखळून तिच्या हातात आली. त्या दिवशी आपला धीर सुटला आणि पुन्हा मैफलीत वाजवायची हिंमत झाली नाही, असं तिने पुढे सांगितलं होतं.

मग ती एका ख्रिस्ती सेवा संघटनेत गेली. शहरातल्या गरीब वस्त्यांत आणि वेश्यावस्तीत रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून धार्मिक गाणी म्हणायची, लोकांशी बोलायचं, हे तिथलं काम. पुढच्या सगळ्या सिनेमांचं बीज इथेच पडलं. पगार पुरत नसलेल्या मुली, दारूत बुडालेली घरं आणि वरवर सभ्य दिसणारी पण आतून वेगळी असलेली माणसं तिने जवळून बघितली ती याच काळात.

आता प्रश्न असा की एवढ्या धार्मिक घरातली मुलगी नाटकात कशी गेली? त्या काळी अमेरिकेतही नाटकात काम करणाऱ्या बाईकडे चांगल्या नजरेने बघत नसत. लोइसने स्वतःची समजूत घातली ती अशी: रंगभूमी बिघडलेली आहे असं लोक म्हणतात, मग चांगलं सांगणाऱ्या माणसाची गरज तिथेच जास्त आहे.

१९०४ मध्ये ती एका फिरत्या नाटक कंपनीत लागली. तिथेच तिची फिलिप्स स्मॉली या नटाशी ओळख झाली. तो त्या कंपनीचा स्टेज मॅनेजरही होता. त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

नवरा दौऱ्यावर, बायको स्टुडिओत

लग्नानंतर स्मॉलीचे नाटकाचे दौरे चालूच राहिले. लोइसने काही काळ घर सांभाळलं. पण नुसतं बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. १९०८ च्या सुमारास तिने न्यूयॉर्कमध्ये गोमॉं या फ्रेंच कंपनीच्या स्टुडिओत काम धरलं.

तिथे एक गंमतीशीर तंत्र चालायचं. गाणं आधी तबकडीवर ध्वनिमुद्रित करायचं आणि मग नटांनी कॅमेऱ्यासमोर त्यावर ओठ हलवायचे. आपण ज्याला प्लेबॅक म्हणतो त्याच जातीचा हा प्रकार, तोही बोलपट येण्याच्या कितीतरी आधी. लोइस तिथे गोष्टी लिहायची, अभिनय करायची आणि हळूहळू दिग्दर्शनही करू लागली. दौरे सोडून स्मॉलीही तिच्यासोबत आला.

तेव्हा सिनेमा हा धंदा म्हणून इतका नवा होता की कुणी काय काम करायचं हे ठरलेलंच नव्हतं. जो लिहील तोच अभिनय करील, तोच फिल्म कापून जोडील आणि वेळ पडली तर कपडेही शिवील. पैसा कमी आणि प्रतिष्ठा त्याहून कमी. त्यामुळे बायकांना अडवायला फारसं कुणी उभं नव्हतं.

पुढे हे जोडपं रेक्स या कंपनीत गेलं. १९१२ मध्ये रेक्स नव्याने तयार झालेल्या युनिव्हर्सल कंपनीत सामील झाली आणि तिचा कारभार लोइस आणि स्मॉली यांच्याकडे आला.

दहा मिनिटांचा सिनेमा आणि गाडीचा आरसा

१९१३ मध्ये आला 'सस्पेन्स'. लांबी फक्त दहा मिनिटं.

गोष्ट एकदम साधी आहे. आडवाटेला एक घर, घरात एक बाई आणि तिचं तान्हं बाळ. मोलकरीण काम सोडून जाते आणि जाताना किल्ली पायपुसण्याखाली ठेवते. एक भटक्या चोर ते बघतो आणि घरात शिरतो. बाई नवऱ्याला ऑफिसात फोन लावते. नवरा रस्त्यावर उभी असलेली दुसऱ्याची गाडी पळवून घराकडे सुटतो आणि त्याच्या मागे पोलीस लागतात.

आता बघा लोइसने काय केलं. फोन चालू असताना तिने पडद्याचे तीन त्रिकोणी भाग केले. एकात फोनवर बोलणारी बाई, एकात ऐकणारा नवरा आणि एकात किल्लीपर्यंत पोहोचलेला चोर. तिन्ही ठिकाणी एकाच वेळी काय चाललंय ते प्रेक्षकाला एका दृष्टिक्षेपात दिसतं.

नवरा गाडी पळवतो तेव्हा मागून येणारे पोलीस थेट न दाखवता तिने ते गाडीच्या आरशात दाखवले. बाई वरच्या मजल्यावरून खाली वाकून बघते तेव्हा कॅमेराही तिच्या नजरेतून सरळ खाली बघतो आणि चोर मान वर करून थेट आपल्याकडे पाहतो. आजही हा शॉट बघताना दचकायला होतं.

त्यातल्या बाईचं काम स्वतः लोइसनेच केलं आहे.

१९१४ मध्ये तिने शेक्सपियरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'वर मोठ्या लांबीचा सिनेमा केला. पूर्ण लांबीचा कथापट दिग्दर्शित करणारी पहिली अमेरिकन बाई म्हणून तिचं नाव घेतलं जातं ते याच सिनेमामुळे. दुर्दैवाने हा सिनेमा आज उपलब्ध नाही.

जो विषय कुणी काढत नव्हतं, तोच तिने काढला

१९१५ मध्ये तिचा 'हिपोक्रिट्स' आला. नावाचा अर्थ ढोंगी माणसं. यात 'सत्य' हे पात्र एका निर्वस्त्र स्त्रीच्या रूपात दाखवलं होतं. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून ती आकृती पारदर्शक केली होती. ती लोकांच्या घरात, राजकारणात, चर्चमध्ये शिरते, हातातला आरसा समोर धरते आणि त्यात प्रत्येकाचं ढोंग दिसतं.

ओहायो राज्याने सिनेमावर बंदी घातली. बोस्टनच्या महापौरांनी तर या आकृतीवर फ्रेम-फ्रेममध्ये कपडे रंगवा अशी मागणी केली. ढोंगावरच्या सिनेमाला याहून चांगली जाहिरात मिळाली नसती.

यामागचा कायदाही समजून घ्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोच्याच एका खटल्यात निकाल दिला होता की सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. हा निकाल फिरला तो थेट १९५२ मध्ये. म्हणजे लोइसच्या सगळ्या कारकिर्दीत कुठलंही राज्य तिचा कुठलाही सिनेमा थांबवू शकत होतं आणि तरीही ती असे विषय घेत होती.

१९१६ हे वर्ष तर तिचंच होतं. फाशीच्या शिक्षेवर एक सिनेमा आणि अफूच्या व्यापारावर दुसरा. जगप्रसिद्ध बॅले नर्तिका अ‍ॅना पावलोव्हाला घेऊन भव्य ऐतिहासिक 'द डंब गर्ल ऑफ पोर्तिची'. आणि सोबत 'शूज'.

'शूज'ची नायिका ईव्हा एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात दिवसभर उभी राहून काम करते. तिच्या पगारावर सगळं घर चालतं, कारण बाप काम न शोधता पुस्तक वाचत पडलेला असतो. तिच्या बुटांचे तळवे झिजलेत. ती पुठ्ठा कापून आत घालते, पाऊस येतो, पुठ्ठा विरघळतो. दर आठवड्याला आई म्हणते, पुढच्या पगारात बघू. शेवटी एक दिवस ती एका पुरुषासोबत रात्र काढते आणि नवे बूट घेऊन घरी येते. त्याच दिवशी बापाला नोकरी लागलेली असते.

तिने पाप केलं असं सिनेमा कुठेही म्हणत नाही. त्या पगारात बूट येत नव्हते, एवढंच तो दाखवतो.

तिची एक बाजू आज खटकते

त्याच वर्षीचा 'व्हेअर आर माय चिल्ड्रन?' हा तिचा सगळ्यात गाजलेल्या सिनेमांपैकी एक. विषय होता गर्भनिरोध आणि गर्भपात. त्या काळी अमेरिकेत गर्भनिरोधाची माहिती टपालाने पाठवणंसुद्धा गुन्हा होता. १८७३ च्या कायद्यात तशी तरतूदच होती. अशा वेळी हा विषय पडद्यावर आणणं हे मोठंच धाडस. पेनसिल्व्हेनियात सिनेमावर बंदी आली, इतर ठिकाणी मात्र गर्दी झाली.

पण हा सिनेमा आज बघताना अडखळायला होतं. गरिबांना गर्भनिरोधाची माहिती मिळावी असं तो म्हणतो, पण त्याचं एक कारण असं देतो की 'नको असलेली' मुलं जन्मालाच येऊ नयेत. त्या काळी बोकाळलेल्या वंशशुद्धीच्या विचारांची छाप त्यावर उघड दिसते. गर्भपात करणाऱ्या श्रीमंत बायकांना तर तो सरळ गुन्हेगार ठरवतो.

म्हणजे लोइसला आजच्या काळातली स्त्रीवादी समजण्यात अर्थ नाही. ती तिच्या काळातली, धार्मिक वळणाची, मध्यमवर्गीय बाई होती. सिनेमाने लोकांना सुधारावं असं तिला मनापासून वाटायचं.

कंपन्यांना तेव्हा ती का हवी होती?

युनिव्हर्सलने एवढा पैसा तिच्यावर का लावला? उपकार म्हणून नाही, हे नक्की.

सिनेमाची थिएटरं तेव्हा बदनाम होती. अंधार, गर्दी, टवाळ पोरं, असंच त्यांचं चित्र. मालकांना तिथे मध्यमवर्गीय कुटुंबं आणि खास करून बायका आणायच्या होत्या, कारण बाई आली की घर येतं. अशा वेळी विवाहित, सुसंस्कृत, धार्मिक कामाची पार्श्वभूमी असलेली बाई सिनेमे बनवते हीच मोठी जाहिरात होती.

ती एकटी नव्हती. १९१२ ते १९१९ या काळात युनिव्हर्सलमध्ये ११ बायकांच्या नावावर किमान १७० सिनेमांचं दिग्दर्शन आहे. युनिव्हर्सल सिटी या स्टुडिओ-वसाहतीची महापौर म्हणून लोइसची निवडही झाली होती. १९१६ मध्ये दिग्दर्शकांच्या संघटनेने तिला सदस्य करून घेतलं. त्या संघटनेत ती एकटीच बाई होती.

१९१७ मध्ये तिने स्वतःची कंपनी काढली, स्वतःचा स्टुडिओ उभारला. १९२० मध्ये पॅरामाउंटचे सिनेमे बनवणाऱ्या फेमस प्लेअर्स-लास्की कंपनीसोबत करार झाला. प्रत्येक सिनेमामागे ५०,००० डॉलर आणि वर निम्मा नफा.

यापुढे चढणच असणार असं कुणालाही वाटलं असतं. पण इथूनच उतार लागला.

मग नेमकं काय बदललं?

पहिलं कारण, पैसा. पहिल्या महायुद्धानंतर सिनेमा हा जुगाडाचा धंदा राहिला नाही. १९१९ मध्ये फेमस प्लेअर्स-लास्कीने वॉल स्ट्रीटवरून एक कोटी डॉलरचं भांडवल उभं केलं. त्या पैशातून मोठ्या कंपन्यांनी थिएटरं विकत घ्यायला सुरुवात केली. सिनेमा त्यांचा, वितरण त्यांचं आणि पडदाही त्यांचाच. स्वतंत्रपणे सिनेमा बनवणाऱ्याला तो दाखवायला जागाच मिळेनाशी झाली.

दुसरं कारण, कारभार. आता स्टुडिओ कारखान्यासारखे चालू लागले. लेखन एकाकडे, संकलन दुसऱ्याकडे, वर निर्माता सगळ्यांवर देखरेख करणार. लोइस लिहिण्यापासून कापण्यापर्यंत सगळं स्वतः करायची. तिच्यासारख्यांना या रचनेत जागा नव्हती. शिवाय लाखो डॉलर आणि शेकडो कामगार सांभाळणं हे 'पुरुषाचं काम' अशी समजूत बँकवाल्यांसोबत स्टुडिओत शिरली.

तिसरं कारण, बदललेली हवा. युद्धानंतरच्या तरुण प्रेक्षकाला जॅझ, पार्ट्या आणि मौजमजा बघायची होती. झिजलेले बूट आणि रिकामा डबा बघायला तो तयार नव्हता. पॅरामाउंटने तिचे काही सिनेमे घेतले आणि मग हात वर केले.

पॅरामाउंटने न घेतलेल्या सिनेमांपैकी एक १९२१ चा 'द ब्लॉट'. आज तो तिच्या सर्वोत्तम कामांत मोजला जातो. एक प्राध्यापक आहे, शिकलेला, पण पगार इतका कमी की घरातल्या गालिच्याला भोकं पडलीत. शेजारी चांभाराचं घर, तिथे मात्र भरपूर खाणंपिणं. प्राध्यापकाची मुलगी आजारी पडते. तिला सकस खायला घालायला पैसे नाहीत. शेजारच्या खिडकीतल्या कोंबडीकडे बघत तिची आई उभी राहते, सगळी अब्रू पणाला लावून हात पुढे करते. हा प्रसंग बघताना घशात आवंढा येतो. शिक्षकांच्या पगाराचा हा प्रश्न १०० वर्षांनंतरही जुना वाटत नाही, हेही खरं.

१९२२ मध्ये तिचा आणि स्मॉलीचा घटस्फोट झाला. मधली काही वर्षं ती जवळपास गायबच होती. १९२६ मध्ये तिने दुसरं लग्न केलं आणि पुन्हा युनिव्हर्सलसाठी दोन सिनेमे बनवले. पण आता ती मालकीण नव्हती, हुकूम दुसऱ्याचा होता.

विशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत युनिव्हर्सलच्या त्या दिग्दर्शक बायकांपैकी बहुतेक जणी दिग्दर्शनातून बाहेर पडल्या होत्या.

शेवटचा सिनेमा आणि शेवट

तीसच्या दशकात लोइस दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करायची, नव्या मुलींच्या स्क्रीन टेस्ट घ्यायची. १९३४ मध्ये तिने हवाई बेटांवर जाऊन 'व्हाईट हीट' बनवला. ऊसमळे आणि वर्णभेदाचा विषय होता. तिचा हा एकमेव बोलपट आणि शेवटचा सिनेमा. तोही आज हरवलेला आहे.

१३ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या ६० व्या वर्षी लोइस वेबर गेली. अंत्यविधीचा खर्च उचलायला फ्रान्सिस मॅरियन धावून आली. हॉलिवूडची ही मोठी पटकथाकार सिनेमात शिकली होती ती लोइसच्याच हाताखाली.

नाव पुसलं कसं जातं?

माणूस गेल्यावर त्याचं काम उरतं असं आपण म्हणतो. पण मूकपटांचं काम नायट्रेट फिल्मवर होतं, जी पेट घेते नाहीतर सडते. त्यात १९४८ मध्ये युनिव्हर्सलने आपल्याकडचा मूकपटांचा साठा नष्ट केला. सांभाळायला खर्च होता आणि उपयोग काही दिसत नव्हता. लोइसने शंभराहून जास्त सिनेमे केले, त्यातले फार थोडे वाचले.

पुढे सिनेमाचे इतिहास लिहिले गेले ते जे उरलं त्यावरून. त्यात ग्रिफिथ आला, डेमिल आला. १९१५-१६ मध्ये त्यांच्या बरोबरीने जिचं नाव घेतलं जायचं ती लोइस एखाद्या ओळीत संपली.

१९९६ मध्ये अँथनी स्लाईड या अभ्यासकाने तिचं चरित्र लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ होतो, इतिहासात वाट चुकलेली दिग्दर्शक. पुस्तकामुळे तिच्याकडे पुन्हा लक्ष गेलं हे चांगलंच झालं. पण वाट खरंच ती चुकली होती का? ती चालत होती तो रस्ताच दुसऱ्यांनी उखडला.

आता चित्र थोडं बदलतंय. नेदरलँड्सच्या फिल्म म्युझियमने 'शूज' दुरुस्त करून पुन्हा बघण्यासारखा केला. 'व्हेअर आर माय चिल्ड्रन?', 'शूज' आणि 'सस्पेन्स' हे तिन्ही सिनेमे अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट वारशाच्या यादीत आले आहेत.

एखाद्या क्षेत्रात पैसा कमी असतो तेव्हा तिथे बायका चालतात. तिथे पैसा आणि मान आला की अचानक ते पुरुषांचं काम ठरतं. त्यामुळे 'पहिली बाई' अशी बातमी वाचली की एकदा तपासून बघावं. ती खरंच पहिली आहे, की आधीच्या सगळ्यांना आपण विसरलोय?

'सस्पेन्स' आता कुणाच्या मालकीचा नाही, त्यामुळे तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. दहा मिनिटं काढा आणि बघा. गाडीच्या आरशात पोलीस दिसतील तेव्हा एवढंच लक्षात ठेवा, हा शॉट १९१३ चा आहे आणि तो एका बाईला सुचला होता.